मागच्या रांगेतली खोकी

१० मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शिंपीकाकांनी हे पत्र तुम्हाला एकट्यालाच वाचून दाखवावं, आईसमोर नको.

पंपांच्या कारखान्यात हिशेबाला लागून पाच महिने झाले. सहा भरले की कायम. परवा मला गोदामातला माल मोजायला पाठवलं. ऑफिसातले लोक पुढची रांग मोजतात आणि बाकीच्या रांगांनी गुणतात. मी पडले हमालाची मुलगी! सवयीने मागच्या खोक्यांना गुडघा लावला. भरलेलं खोकं जागचं हलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. ही तर घसरत गेली. नऊशेंपैकी चारशे रिकामी.

साहेबांना सांगितलं, तर त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, की बँकेने कर्ज दिलंय ते साठा बघून. साठा कमी दिसला तर कर्ज थांबेल आणि तीनशे जणांचे पगार अडकतील. सगळी खोकी भरलेली असल्याच्या कागदावर गेल्या वर्षी त्यांनी सही केली, यंदा मी करायची. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. नाही म्हटलं तर नोकरी जाईल. घास उतरत नाही. काय करू?

माया असू द्यावी.
तुमची थोरली

१७ मार्च

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

बोलणारा तुझा बाप, लिहिणारा शिंपीकाका. भांडत भांडत हा तिसरा कागद.

तुला मी काय अक्कल शिकवणार? मला वाचता येत नाही, म्हणून अंगठा लावण्याआधी कागद दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घेतो. लोक हसतात. हसू देत. तुला तर स्वतःला वाचता येतं. कायमच्या नोकरीची हाव मलाही आहे, खोटं कशाला बोलू? पण तीनशे घरांचं ओझं साहेबांनी न विचारता तुझ्या पाठीवर टाकलंय. असलं ओझं हमालसुद्धा खाली ठेवतो.

आई दाराआडून ऐकतच होती. म्हणते, परत यावं लागलं तर ये, पण मान खाली घालून येऊ नकोस. आणि आधी जेव.

(हे सांगताना तुझ्या बापाने माझ्या मशीनवर मूठ आपटली. सुई मोडली. – काका)

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, हे विसरू नये.

२ एप्रिल

तीर्थरूप बाबा-आईस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांनी नऊशेंचा तयार कागद पुढे ठेवला होता. मी दुसरा घेतला. ‘भरलेली पाचशे, रिकामी चारशे’ असं लिहून सही केली आणि बाहेरून आलेल्या तपासनिसांच्या हातात दिला. तासाभरात मला कळवलं, की उद्यापासून यायचं नाही. ऑफिसात कुणी मान वर केली नाही. पगारांचं काय होईल, ही काळजी अजून आहे.

निघाले तर गोदामातले हमाल दारात उभे. त्यांचे मुकादम म्हणाले, की दोन वर्षं आम्ही रिकामी खोकी रचतोय, आम्हाला कुणी विचारलंच नाही. कारखान्यात सगळेच फाटकातल्या छोट्या दरवाजातून वाकून ये-जा करतात. त्यांनी मला थांबवलं आणि दोघांनी मिळून ट्रकसाठीचं मोठं फाटक सताड उघडलं.

बाबा, मी एकटी त्यातून चालत बाहेर आले.

रविवारी पोचते. लोभ आहेच, जेवणही ठेवावं.
तुमची थोरली