बाईंचेही पैसे आहेत

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा कपडे वाळत घातले, एकदा घरात दूध असताना खाली जाऊन दूध आणलं. कुठून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून तुमच्या स्वयंपाकघरापासून करते.

आमच्या घरून शिकवणीची फी निघत नव्हती, तेव्हा तुम्ही मला रविवारी घरी बोलवायला लागलात. बेलपाड्याहून मी बसने यायचे. तुम्ही ओट्यापाशी नारळ खवत असायचात आणि मी खाली पाटावर बसून गणितं सोडवायचे. त्या रविवारी तुमच्याकडे मलिदा केला होता, तुम्हा ज्यू लोकांचा नवसाचा प्रसाद, गोड पोहे, खोबरं, वर फळं. तुमचे भाऊ आठवड्याभरात कायमचे इस्रायलला निघायचे होते. बशी माझ्या हातात देता देता तुम्ही वहीत डोकावलात. "उत्तर बरोबर आहे. आलं कसं?" मी म्हणाले, "ठाव नाय बाई." तुमच्या वहिनी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "ठाऊक नसताना लिहिलंस, म्हणजे ते उत्तर तुझं नाही," एवढंच म्हणालात आणि परत नारळ खवायला लागलात. मी मलिदा खाल्ला, पण मला राग आला होता. अजूनही थोडा आहे.

नवीन पनवेलला मी गुंतवणुकीच्या सल्ल्याचं ऑफिस घेतलं तेव्हा भावांच्या घरातला लाकडी बाक तुम्ही टेम्पोने पाठवलात. "येणाऱ्याला उभं ठेवू नकोस" असा निरोप होता. त्या बाकावर आमच्या गावांकडच्या बायका येऊन बसायच्या. जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्या होत्या, मोबदला आला होता, आणि बँकेतला माणूस बोलायचा ते त्यांना कळत नव्हतं. माझं कळायचं. सुरुवातीची वर्षं मी स्वच्छ काम केलं बाई, हे तरी माना. एकीला सांगितलं, आधी घरावर पत्रा घाल, उरतील ते बँकेत ठेव. त्यात मला एक पैसा मिळणार नव्हता. मग ऑफिसात चार मुली आल्या. हॉल घेऊन भाषणं झाली, शाली मिळाल्या, नाक्यावर माझ्या फोटोचा बॅनर लागला. तुम्ही एकदा न सांगता आलात आणि बायकांच्या रांगेत, बाकावर, तासभर बसून राहिलात. आत आल्यावर विचारलंत, "तू सल्ल्याची फी घेतेस, की गळ्यात मारल्याचं कमिशन?" मी हसून म्हणाले, "बाई, दोन्ही." तुम्ही म्हणालात, "मग दारावरच्या पाटीवरून सल्लागार काढ." चहा तसाच ठेवून गेलात.

मी पाटी बदलली नाही. उलट मला वाटायला लागलं की लोकांना दुसऱ्यांच्या कंपन्या किती दिवस सांगत बसू, आपली काढू. मोरा बंदराजवळ मासळीसाठी कोल्ड स्टोरेज. सल्लागाराने आपल्याच लोकांचे पैसे आपल्याच धंद्यात घ्यायचे नसतात, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी पोलिसांना सांगितलं, तुम्हाला नाही सांगणार. योजनेचे कागद मी तुमच्याकडे घेऊन आले होते. तुम्ही आजारी होतात, तरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेत. कडेला लाल पेन्सिलीने एकच ओळ लिहिलीत: मासळी आली नाही तर हे पैसे कशातून परत देणार? मी म्हणाले, "सांगते सावकाश." दीड महिन्याने तुम्ही गेलात. दफनाला मी सर्वांत मागे उभी होते, आणि खरं सांगते, उत्तर द्यावं लागणार नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर लोक कचरायला लागले की मी एक वाक्य बोलायचे. "बाईंचेही पैसे आहेत यात." तुम्ही एक रुपयाही दिला नव्हतात. पण अर्धं पनवेल तुमच्या हाताखाली शिकलेलं. त्या वाक्यानंतर कोणी कागद वाचायचं नाही.

मासळी आली नाही. होड्यांवरूनच व्यापारी उचलायचे, तसेच उचलत राहिले. वीज जायची, जनरेटर डिझेल खायचा, आणि मी दर महिन्याचा परतावा नव्याने आलेल्यांच्या पैशांतून देत होते. आमच्या गावातल्या एक काकू नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी आपले गुंतवलेले पैसे परत मागायला आल्या. मी म्हणाले, मंगळवारी. असे चार मंगळवार गेले. काका त्यातच गेले. मग त्यांचा मुलगा पोलिसांत गेला, आणि त्याच्यामागून सगळे. फ्लॅट, गाडी, यंत्रं, सगळं विकलं. काहींचं फिटलं, बहुतेकांचं नाही. केस चालू आहे. तारखेला जाते, येते.

आता मी खांदा कॉलनीत एका दवाखान्यात काउंटरवर बसते आणि नंबर पुकारते. परवा त्या काकू आल्या, पायाला टाके घातलेले. मी मान खाली घातली, पण त्यांनी ओळखलं. ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्या काउंटरला टेकून हळू आवाजात म्हणाल्या, "आमी अडानी गो, आमचं सोड. पन तुजी बाय तर शिकलेली. ती पन बुडली ना तुज्यापायी?"

मी नंबराची चिठ्ठी पुढे सरकवली.

"बिचारी आदीच गेली ती बरं झालं. तिला बगायला नाय लागलं," असं म्हणून त्या बसल्या. पुढे तीन पेशंट होते. बाई, तेवढ्या वेळात मी उठून सांगू शकले असते की तुम्ही एकट्या शहाण्या निघालात, तुमचं नाव मी चोरलं. आणि काकूंनी विचारलं असतं, मग आमच्याशी खोटं का बोललीस? नंबर आला, मी पुकारला, त्या आत गेल्या.

हे कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवले नसते. गुरुवारी काकू टाके काढायला येणार आहेत. त्या दिवसाची ड्यूटी मी कालच बदलून घेतली.