मशीनच्या डोक्यावरचा हिरवा पुडा

शिन्चू, प्रयोगशाळेतून

तीर्थस्वरूप मामांना युन-फेईचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? चियायीतलं तुमचं खाऊचं दुकान बरं चाललं असेलच. (आई म्हणते, तुम्ही कुणालाच रिकाम्या हाताने जाऊ देत नाही.) माझी तब्येत उत्तम आहे, डोकं तेवढं फिरलंय.

मी चांदीचा पापुद्रा बनवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. (दागिन्यांचा नव्हे, मामींना परत आशा लावू नका.) तो अख्खा एकच स्फटिक असावा लागतो, कुठे सांधा नको की खड्डा नको, कारण आम्हाला त्याच्या पाठीवरून प्रकाश पळवायचा असतो आणि जरासा खड्डा लागला की तो तिथेच मान टाकतो. म्हणून निर्वात पेटीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, मुंगीच्या पावलांनी थर चढवायचा आणि तितक्याच सावकाश उबेला आणायचा. को सरांनी बजावलंय, पापुद्रा नितळ आला तर या उन्हाळ्यात पदवी, नाहीतर आणखी एक वर्ष. त्यात नववर्षापासून मशीनची कुरकुर चालूच होती.

आणि अशा वेळी पो-येनने मशीनवरचा पुडा खाल्ला.

तोच, तुम्ही नववर्षाला पाठवलेला, मक्याच्या कुरकुरीत खाऊचा, हिरवा, नारळाच्या चवीचा. मशीनने पुड्यावरच्या नावाप्रमाणे शहाण्यासारखं वागावं म्हणून तो डोक्यावर ठेवतात, तो हिरव्या दिव्यासारखा हिरवाच लागतो आणि त्याला हात लावायचा नसतो, हे शिन्चूतलं शेंबडं पोरही सांगेल. हा पो-येन (माझ्या शेजारी बसतो आणि दुसऱ्यांचे डबे हुंगतो) डॉक्टरेट करतोय. जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन बघते, तर हा मशीनला टेकून कुरुमकुरुम खातोय. भूक लागली होती म्हणे. पेटी उघडली, तर पापुद्रा तळलेल्या टोफूच्या सालीसारखा खडबडीत. मला रडू आलं मामा, खरंच आलं. को सर आले, त्यांनी पापुद्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी मशीनच्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पुडा कुठाय?"

मी पो-येनला मशीनपुढे उभं केलं. "चुकलो बाई, परत नाही खाणार," असं तो हात जोडून मशीनला म्हणाला. तेव्हापासून त्याचं पोट बिघडलंय. म्हटलं, बरी अद्दल घडली.

मामींना नमस्कार.
तुमची युन-फेई

ता. क. सोमवारी पुन्हा थर चढवायचाय. शेवटची संधी आहे. एक हिरवा पुडा लगेच पाठवा.

ता. क. तुम्हाला नमुना कळवावा म्हणून फाटका पुडा कचऱ्यातून काढला आणि उलटा करून पाहिला. मामा, त्याची मुदत गेल्या शरद पौर्णिमेच्या आधीच संपली होती. म्हणजे तुम्ही पाठवला तेव्हाच तो शिळा होता, आणि शिळ्या पुड्याने मशीन जास्तच बिथरतं. पो-येनची मी माफी मागितली. (अर्धीच. चोरी ती चोरी.) मशीनची माफी मात्र मी मागणार नाही. पुडा टपालाने नको, ताजा बघून तुम्ही स्वतः घेऊन या, आणि येताना हात मोकळे ठेवा. जोडावे लागतील.