मधली खुर्ची

डहाणू,
रविवार, जेवणं उरकून

ती. यमुताईस,

रमाकांतचा साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्याच्या सध्याच्या अवस्थेमुळे आठांपैकी एक अंग वजा धरावं.) तुझी शुगर कशी आहे? भाऊजींचं कानाचं यंत्र कानात असतं की अजून टीव्हीवरच्या डबीतच? श्रुतिका आणि जावई रोशनराव नाशकात तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले, म्हणजे तुझं बरं चाललं असणार, असं आम्ही इथे बसून ठरवून टाकलं आहे. आमच्याकडे सर्व ठीक. दक्षाने यंदाही चिकूचं लोणचं घातलं आहे आणि यंदाही ते मलाच संपवायचं आहे.

तू म्हणशील, घरात दोन फोन असताना हा पत्र का लिहितोय. ताई, फोनवर दादाचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. श्रुतिकाच्या लग्नापासून ती नेमकी त्याच नावाला जाते. पत्र मधेच कापता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तू वाण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा घडी घालून ठेवणारी, तुझ्याने ते व्हायचं नाही. तेव्हा सरळ दादाबद्दलच लिहितो. त्याचं बायपासचं ऑपरेशन ठरलं आहे. पुढच्या महिन्यात, सुरतेला. घाबरण्याचं कारण नाही असं डॉक्टरांनी इतक्यांदा सांगितलं की आम्ही सगळे घाबरलो. दादा मात्र तलासरीच्या घरात पूर्वीसारखाच इस्त्रीचा शर्ट घालून, पेपर हातात धरून बसलेला असतो (पान उलटत नाही, हे मी पाहून ठेवलं आहे). त्याची मागणी एकच. ऑपरेशनच्या आधी आपल्या तिघांचा एक फोटो हवा. तू, मी आणि तो. बाहेरचं माणूस नको, फोटो काढायलासुद्धा नको, कारण त्याची कॉलर आता गळ्याभोवती सैल पडते आणि कुणा फोटोवाल्याने पुढे होऊन ती नीट केलेली त्याला खपणार नाही. फोनवरचाही नको. फोनमधला फोटो भिंतीवर लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

आपल्या तिघांचा मिळून एकही फोटो नाही, हे तुला ठाऊक आहेच. आईचा नियम होता. तिघांनी एका फोटोत यायचं नाही, मधल्याला बाधतं. स्टुडिओत गेलो की दोघं पडद्यासमोर आणि तिसरा बाहेर चपला सांभाळायला. मग पाळी बदलायची. दादा आणि तू, तू आणि मी, मी आणि दादा. पुढे कॅमेरा माझ्या हातात आला आणि मी कायमचाच बाहेरचा तिसरा झालो. इतक्या बारशी-मुंजींच्या फोटोंत मी नाही, की पुढल्या पिढीला मी म्हणजे पत्रिकेत छापलेलं नुसतं एक नाव वाटत असेन.

तर निवृत्तीच्या वेळी बुकिंग ऑफिसातल्या मंडळींनी दिलेला डिजिटल कॅमेरा मी कपाटातून काढला. त्याला एक घड्याळाचं चित्र असलेलं बटण आहे. ते दाबलं की समोर तांबडा दिवा लुकलुकायला लागतो आणि आपल्याला दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात पळत जाऊन बसायचं आणि जसं काही आपण सकाळपासून तिथेच बसलो आहोत असा चेहरा करायचा. दहा सेकंद पुष्कळ झाले, असं मलाही वाटलं होतं. जन्मभर तिकीट खिडकीच्या आत बसलो. गाडी सुटता सुटता बाहेरचे लोक काय काय धडपड करतात ते पाहून मनातल्या मनात हसलो. आता मी खिडकीच्या बाहेर आहे. तू आल्यावर ऐनवेळी फजिती नको म्हणून एकट्याने सराव सुरू केला. चिकूच्या रिकाम्या खोक्यावर कॅमेरा, समोर भिंत, भिंतीला दक्षाची लग्नातली चादर. पहिल्या फोटोत नुसती चादर आहे. दुसऱ्यात चादर आणि माझं कोपर. तिसऱ्यात मी सबंध आहे, पण पाठमोरा, कारण खुर्ची जागेवर आहे ना ते बघत होतो. चौथ्यात वेळेवर बसलो, हसलो आणि दिवा विझेपर्यंत ते हसू धरून ठेवलं. त्या फोटोत दाढ दुखणारा एक म्हातारा आहे. वर हा कॅमेरा शहाणा आहे. फोटो निघाला की त्याच्या पडद्यावर प्रश्न येतो, कुणी डोळे मिटले का म्हणून. खोलीत मी एकटा. कुणी म्हणजे कोण?

तेवढ्यात दक्षा स्वयंपाकघरातून आली आणि रिकाम्या खोलीत चिकूच्या खोक्याकडे बघून हसणारा नवरा तिला दिसला. दक्षा घाबरली की माहेरच्या गुजरातीत जाते. “शूं करो छो तमे?” म्हणाली आणि आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हटल्यावर जास्तच घाबरली. सगळं सांगितलं तेव्हा शांत झाली, पण चादर काढून घेऊन गेली.

मग समुद्रावर गेलो. सकाळचा उजेड चांगला, सुरूच्या झाडांची पार्श्वभूमी चांगली, आणि बसायला कठडा. फक्त वाळू असते हे मी धरलंच नव्हतं. दहा सेकंदांतले सहा चप्पल शोधण्यात गेले. त्यात चिंचणीची जमना, आपल्याकडे मासे घेऊन येते ती, डोक्यावरची पाटी उतरवून माझ्याकडे बघत उभी राहिली. “बाबा, समोर कोण नाय, आन् हसता कोणाला?” मी समजावलं. तिने विचार केला आणि म्हणाली, “आणा इकडं, मी दाबतंय बटन.” तर मी तिला आपल्या घराण्याची अट सांगितली, की बटण दुसऱ्या कुणी दाबायचं नाही. तिने ती अट फार गंभीरपणे ऐकून घेतली आणि माझं आटपेपर्यंत शेजारी बसून राहिली. म्हणजे त्या सकाळच्या प्रत्येक फोटोत मी कुठे ना कुठे अर्धा आहे, आणि जमना मात्र कडेला पाटीजवळ पूर्ण, ताठ, थेट कॅमेऱ्यात बघणारी. तिचे फोटो छापून तिला द्यायचे आहेत. त्यांतला माझा अर्धा भाग कापायला सांगणार आहे.

एवढ्या अभ्यासानंतर गुरुवारी कॅमेरा घेऊन एस.टी.ने तलासरीला गेलो. आता रंगीत तालीम. दादाच्या अंगणात प्लास्टिकच्या तीन खुर्च्या मांडल्या. डावीकडे दादा, उजवीकडे मी, मधली तुझी. उंचीचा अंदाज यावा म्हणून तुझ्या खुर्चीवर दोन उशा उभ्या केल्या आणि वर दादाचा मफलर गुंडाळला. (रागावू नकोस. उशा उंचीला बरोबर भरल्या. रुंदीबद्दल मी काही लिहीत नाही.) बटण दाबलं, पळत येऊन बसलो. फोटो पाहिला तर मी चक्क वेळेवर जागेवर, आणि दादा आपल्या खुर्चीतून अर्धा उठलेला. वाटलं, मफलर सावरत असेल. दुसऱ्या फोटोत त्याने तुला दोन्ही हातांनी कमरेत धरून उचललं आहे. तिसऱ्यात तू त्याच्या खुर्चीवर आडवी पडली आहेस आणि तो मधे, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या ग्रुप फोटोतल्या हेडमास्तरासारखा बसला आहे.

मी म्हटलं, दादा, मधली जागा ताईची. तो म्हणाला, “मधे मी बसणार. यमू नाही.” आणि कॅमेऱ्याकडेच बघत राहिला. ताई, यापुढचं मी जसं ऐकलं तसं लिहितो, माझ्या पदरचं काही घालत नाही. आईच्या माहेरी, सायवनला, एकदा फिरता फोटोवाला आला होता. आई आणि तिच्या दोन बहिणी फोटोला बसल्या. मधे बसली होती यमुना. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. तुझं नाव तिचं ठेवलं, आणि ठेवल्यापासून आई त्या नावाला जपत राहिली. आपल्याला तिने नुसता नियम सांगितला. दादा हायस्कूलला जायला लागला तेव्हा त्याला एकट्याला कारण सांगितलं, आणि यमूला कधी मधे बसू देणार नाही असं डोक्यावर हात ठेवून कबूल करून घेतलं. तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा असेल. आज पंचाहत्तरीला आला, तरी ते कबूल केलेलं घेऊन बसला आहे.

आता लग्नातलं आठव. थोरला मामा म्हणून श्रुतिकाला मांडवात त्यानेच आणलं, अक्षता पडल्या, सगळं गोड झालं. मग स्टेजवर फोटोवाल्याने पुकारलं, मुलीची आई आणि दोन्ही मामा. तुला धरून मधे उभं केलं. आणि दादा काही न बोलता खाली उतरला आणि जेवणाच्या मंडपाकडे चालू लागला. सगळ्या मांडवाने पाहिलं. तुझा चेहरा मी शेजारून पाहिला. पोरीने स्वतः जमवलेलं लग्न त्याला पटलं नाही आणि रोशनरावांचा चारचौघांत अपमान केला, असं तुला वाटलं. खरं सांगू, मलाही तेच वाटलं होतं. मी त्याला गुरुवारी विचारलं, अरे, मग तेव्हाच तिला सांगितलं का नाहीस? तर तो म्हणतो, काय सांगू? तलासरीत जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं की सहलीची रांग मुद्दाम तिथूनच नेली. दारावरच्या लिंबू-मिरच्यांवर दर वर्षी भाषण दिलं. अर्धी पंगत माझ्या विद्यार्थ्यांची होती. त्या माणसाने स्टेजवर उभं राहून म्हणायचं की तिघांचा फोटो काढू नका?

मी विचारलं, म्हणजे तू हे मानतोस? फार रागावला. म्हणाला, “मी मुळीच मानत नाही. पण प्रयोग यमूवर कशाला करायचा?”

मग आताच का फोटो हवा, असं विचारलं, तर कॉलर नीट करत अगदी सहज म्हणाला, आता मधे बसायला माणूस मिळालाय ना. ताई, मला त्याच्याकडे बघवेना. मी कॅमेऱ्याशी खाटखूट करत राहिलो. वाईट वाटलं आणि रागही आला. मीही असलं काही मानत नाही, हे तुला माहीत आहे. तरी म्हटलं, मधे मी बसणार, माझं फक्त गुडघ्याचं दुखणं आहे. तो म्हणाला, मी थोरला आहे. मी म्हटलं, थोरला असशील, पण फोटो माझ्या कॅमेऱ्यात निघतोय. बटण दाबून मी धावलो आणि मधल्या खुर्चीच्या जेवढ्या भागावर तो नव्हता तेवढ्यावर बसलो. त्याने मला ढकललं. मी त्याला ढकललं (हलक्या हाताने, डॉक्टरांची आठवण ठेवून). खुर्चीचा मागचा पाय मोडला आणि आम्ही दोघं उशांवर, म्हणजे तुझ्यावर, पडलो. कॅमेऱ्याने नेमका तो फोटो घेतला. दादा खाली बसून छातीला हात लावून हसत होता. छातीला हात बघून माझा जीव उडाला, पण तो खरंच हसत होता. डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदा. पडद्यावर प्रश्न आला, कुणी डोळे मिटले का. दोघांनीही मिटले होते.

हे काहीही तुला कळवायचं नाही, असं त्याने मला बजावलं आहे. म्हणून तूही हे वाचलेलं नाहीस असं समज. भाऊजींना नमस्कार. श्रुतिकाला आणि रोशनरावांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
रमाकांत

ता. क. — ये. बाकीचं सगळं मी फक्त हा शब्द लिहिता यावा म्हणून लिहिलं. जव्हारमार्गे येणारी सकाळची गाडी बरी पडते.

ता. क. — मधे कोण बसणार हा प्रश्न शिल्लकच आहे. दक्षाचं मत, तिघं कुठे निघाले की बरोबर चौथा म्हणून दगड घेतात, तसा एक दगड खिशात ठेवावा. मी समुद्रावरून एक गुळगुळीत दगड आणून ठेवला आहे. दादाला अजून दाखवलेला नाही.

ता. क. — तुझा नाशकातला पूर्ण पत्ता माझ्याजवळ नव्हता. दादाने तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे, म्हणून पत्र घेऊन तलासरीला जावं लागलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि सबंध वाचलं. खाली जागा होती तिथे तो लिहितो आहे. मला बघू देत नाही.

यमुना, रमाकांतला वाढवून लिहायची सवय आहे. खुर्ची मोडली नाही, वाकली आहे. लग्नातलं लिहिलं आहे ते मात्र खरं आहे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. येताना रोशनरावांना घेऊन ये. मुलगा मला पहिल्या दिवसापासून आवडला आहे, ते मी त्यांना समक्ष सांगेन. जावई बाहेरचा नव्हे, ते आपल्याबरोबर फोटोत बसतील. बटण श्रुतिका दाबेल, रमाकांतच्या टायमरवर माझा भरवसा नाही. दगड समुद्रात टाकायला सांगितला आहे. चौघांत मधला असा कोणी येत नाही. मी खुर्च्या मांडून पाहिलं आहे.

सूर्यकांत