आजचा आकडा

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

तुझ्या औषधाच्या दुकानाबाहेरच्या फळ्याचा फोटो वहिनीनं पाठवला. ‘आजचं सौरवादळ : पाच. धडधडतंय? तांब्याचं कडं घाला.’ वाचून शिसारी आली. सूर्याच्या वादळांच्या नोंदी मी केंद्रात रोज करते, त्यातला दिवसाचा आकडा आईला गंमत म्हणून कळवते, आणि तू त्यावर कडी विकतोस? वादळांचा हृदयावर परिणाम होतो का, याचा अजून अभ्यासच चाललाय. शास्त्रज्ञही छातीठोकपणे बोलत नाहीत, तू मात्र फळ्यावर लिहून मोकळा. आधी तो पुस. आईची धडधड कशी आहे?

लोभ आहेच, पण सध्या घुश्शात आहे.
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अगं, नाकाला एवढ्या मिरच्या का झोंबल्या? कडं घालून कुणी मरत नाही. आईचं म्हणशील, तर परवापासून तुझा आकडा नऊ येतोय ना, तेव्हापासून धडधड फार वाढलीय. घामही येतो. डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो, पण तीच म्हणाली, पोरीचं वादळ उतरलं की बरं वाटेल. मलाही पटलं. दोन्ही हातांत कडी घालून पडून आहे. वादळ कधी संपतंय ते कळव.

राग गिळून लोभ ठेव.
दादा

११ मार्च

दादा,

तुझा फोन लागत नाही, आईचाही नाही, म्हणून केंद्राच्या ड्रायव्हरला हे पत्र देऊन पिटाळलंय. आमचे आकडे आठपर्यंतच असतात. यंत्र बंद असलं की त्या रकान्यात आम्ही नऊ लिहितो. सात तारखेपासून यंत्र दुरुस्तीला गेलंय. वादळबिदळ काही नाही. याच गाडीत घालून आईला दवाखान्यात ने. तुझी किळस येते, आणि काही न समजावता नऊ कळवणाऱ्या माझीही.

भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आई वाचली. डॉक्टर म्हणाले, झटका सात तारखेलाच येऊन गेला होता. तेव्हाच आणली असती, तर हृदय बरंच वाचलं असतं. आता जिना चढायचा नाही, बादली उचलायची नाही, कायमचं. नर्सनं कडी काढून माझ्या हातात ठेवली. आईच्या मनगटांवर हिरवे डाग उठलेत. ते बघून मला माझीच किळस आली. फळा फोडून टाकला.

ती तुझ्यावर रागावलेली नाही. सकाळी जरा बरं वाटल्यावर तिनं पहिलं हेच विचारलं, की पोरीचा आजचा आकडा काय. तूच येऊन सांग.

लोभ मागायला तोंड नाही.
दादा