पुराव्याची पिशवी

शनिवार, १० जानेवारी, दुपारचे दोन

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आज आशीर्वाद जरा गरम आहेत, फुंकून घे.

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, भर बाजारात, माझी फसवणूक झाली. वेळ फाटकावरच्या घड्याळात बघून लिहिली आहे.

शेतकऱ्यांच्या शनिवारच्या बाजारात तीन महिन्यांपूर्वी एक कॉफीवाली आली. कॉफी स्वतःच्या मळ्यातली, भाजते स्वतः, आणि भाजल्याची तारीख पिशवीवर हाताने लिहिते. अक्षर चांगलं आहे, म्हणून मी दर शनिवारी पाव किलो घ्यायला लागले. आज तिने हातात ठेवलेली पिशवी उशीसारखी टम्म फुगलेली! मी विचारलं, तर वर तोंड करून सांगते की कालच भाजली, ताजी आहे म्हणून फुगली.

अरे, इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं कोठार मी एकतीस वर्षं सांभाळलं. फुगलेला डबा दिसला की उघडायचासुद्धा नाही, थेट खड्ड्यात. फुगलं म्हणजे आत सडलं. एकही रोगी माझ्या कोठारामुळे आजारी पडला नाही. आणि ही कालची पोर मला ताजं-शिळं शिकवणार?

मी तिथल्या तिथे, अंडीवाल्यापासून मधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा माल विषारी आहे. बाजार समितीच्या सचिवांना बोलावलं. ते बिचारे माझ्या आवाजानेच अर्धे झाले. त्यांनी तिच्या टेबलाला दोरी बांधून विक्री बंद केली. येत्या शनिवारी नऊ वाजता समिती निकाल देणार. तक्रार खरी ठरली तर तिची जागा यादीतल्या पुढच्या कुंडीवाल्याला मिळेल. जागेसाठी तिने दोन वर्षं वाट पाहिली म्हणे. पाहू दे.

पिशवी माझ्या फळीवर आहे. वर चिठ्ठी लावली आहे: पुरावा, हात लावू नये. घरात मी एकटीच राहते, पण नियम तो नियम.

तू पिशव्या भरायची यंत्रं दुरुस्त करतोस. तेव्हा तज्ज्ञ म्हणून चार ओळींचं मत पाठव. लेखी. फोनवर तू मध्येच हसतोस.

जेवण वेळेवर घे. रागात असले तरी तुझीच,
ताई

---

मंगळवार, १३ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र आत्ताच मिळालं. लगेच फोन केला, तर तू "लेखी कळव" म्हणून ठेवून दिलास. म्हणून बूट न काढता लिहायला बसलोय.

तज्ज्ञाचं मत असं, की ती पोर खरं बोलली.

ताजी भाजलेली कॉफी आठवडा-दोन आठवडे आतून वायू सोडत राहते. पिशवी पक्की बंद केली की ती फुगणारच. म्हणून कॉफीच्या पिशव्यांना वरच्या बाजूला एक बारीक झडप असते. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. ती झडप बसवणारं यंत्र दुरुस्त करत मी दोन पोरींची शिक्षणं केली, ताई! तुझ्या कॉफीवालीकडच्या झडपेच्या पिशव्या संपल्या असतील, तिने साध्या वापरल्या. एवढाच तिचा गुन्हा. शिळ्या कॉफीची पिशवी कधी फुगत नाही. तू अख्ख्या बाजारातली सगळ्यात ताजी पिशवी पकडलीस.

डब्यांच्या बाबतीत तू बरोबरच होतीस, त्यात वाद नाही. पण फुगलेलं दिसलं की तुझा हात थेट खड्ड्याकडे जातो. लहानपणी गालगुंड झालं तेव्हा मी वाचलो कसा, याचं आज नवल वाटलं.

माझ्यावर विश्वास नसेल तर पुराव्याला टाचणी लाव आणि वास घे. आणि शनिवार यायच्या आत काहीतरी कर. त्या पोरीची जागा जाईल.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
धाकटा

---

शनिवार, १७ जानेवारी, दुपारचा एक

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. शिव्या शेवटी आहेत, आधी बातमी.

तुझं पत्र काल दुपारी आलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. मग चिठ्ठी काढली आणि टाचणी लावली. फुस्स झालं आणि सगळं घर त्या वासाने भरलं. वरच्या मजल्यावरची बाई, जिच्याशी मी जिन्यातल्या दिव्यावरून वर्षभर बोलत नव्हते, ती खाली येऊन विचारू लागली की काय करताय. तिला आत घेतलं. दोन-दोन कप झाले. दिव्याचा विषय कोणीच काढला नाही.

रात्री झोप लागली नाही. कॉफीमुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

आज उरलेल्या पुराव्याची कॉफी करून, थर्मासमध्ये भरून साडेआठलाच बाजारात गेले. ती दोरीमागे बसली होती, हाताची घडी घालून. माल आणलाच नव्हता. मला बघून तिने मान फिरवली. सचिव म्हणाले, तक्रार मागे घ्यायची तर एक अर्ज द्या, गुपचूप मिटवू. मी नाही म्हटलं. मिशनच्या शाळेत सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं, की जितक्या मोठ्याने आळ घ्यायचा तितक्याच मोठ्याने तो परत घ्यायचा. अंडीवाल्याचं खोकं मागून घेतलं, त्याच्यावर उभी राहिले, आणि सांगितलं की मागच्या शनिवारी मी या मुलीवर खोटा आळ घेतला, माल उत्तम आहे, चूक माझी आहे.

मग समितीच्या पाचही जणांना थर्मासमधली कॉफी दिली. सचिवांना अडचण पडली, की पुरावाच पिऊन टाकला तर निकाल कशावर द्यायचा? अध्यक्षांनी दुसरा कप मागितला आणि दोरी सोडायला सांगितली.

आता त्या पोरीचं ऐक. मी माफी मागितली, तर म्हणते, नुसती माफी नको. तुमचा आवाज मधवाल्याच्या पलीकडे जातो, तो मला द्या. चार शनिवार टेबलापाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला पिशवी का फुगते ते समजवा. ही शिक्षा आहे, असंही बजावलं. भलतीच चुणचुणीत आहे. आजचा दिवस वाया जाऊ नये म्हणून तिने भावाला मळ्यावर पिटाळलं, साडेदहाला माल आला, आणि बाराच्या आत संपला. कुंडीवाल्यानेसुद्धा घेतली. घसा बसलाय आणि पाय सुजलेत. निवृत्त झाल्यापासून इतकी बरी दमले नव्हते.

आता तुझ्या शिव्या. इतकी वर्षं त्या झडपा बसवतोस आणि सख्ख्या बहिणीला एका शब्दाने सांगितलं नाहीस? याची भरपाई म्हणून झडपेच्या दोनशे पिशव्या तुझ्या कारखान्यातून मिळवून तू स्वतः घेऊन यायचं आहे. पुढच्या शनिवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, तिच्या टेबलापाशी. येतोस की नाही, ते शुक्रवार, २३ जानेवारी, दुपारी बाराच्या आत लेखी कळव.

फोन करू नकोस. या वेळी मीच मध्ये हसेन.

ताई