सार्वजनिक नळावरील ‘निरंक’ या नोंदीबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा कार्यालय, भाईंदर पश्चिम.

अर्जदार : श्रीमती शेवंती दशरथ भोईर, मु. चेणे.

विषय : चेणे येथील सार्वजनिक नळाच्या पाहणीतील ‘निरंक’ हा शब्द दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : नळाच्या खांबाला चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

अर्जात ‘मी’ घालायचे नसते, ‘अर्जदार’ घालायचे, हे अर्जदार आपल्याच कार्यालयात शिकली. त्याप्रमाणे सादर करण्यात येते की,

१. सदर नळ बावीस वर्षांपूर्वी आला, तो आपोआप आला नाही. गावच्या चाळीस बायका रिकामे हंडे घेऊन आपल्या दारात दिवसभर बसल्या, त्यांत अर्जदार पुढे होती. नळ आल्यावर विहिरीची पायपीट सुटली. वाचलेल्या वेळात रंभाने भाजीचा धंदा उभा केला, मनोरमाने डबे सुरू केले, पोरींची शाळा बुडायची थांबली. रांगेचे नंबर अर्जदार बघत असे. बाळंतिणीच्या नावाचा दगड रांगेत ठेवला जाई आणि तो दगड मागे सरकवणारीची अर्जदार चांगली खरडपट्टी काढी.

२. गेल्या वर्षी घरोघरी नळ आले. सगळ्या घरांचे फॉर्म अर्जदारानेच भरले, म्हणजे रांग तिनेच मोडली. त्याची तक्रार नाही. बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, चांगलेच झाले. मात्र तेव्हापासून अर्जदारास कोणी हाक मारलेली नाही. यजमान वारले. मुलगा जितेंद्र भाईंदर पूर्वेस फ्लॅटमध्ये असतो. नळ अर्जदाराच्या घरातही आहे, पण घरात करमत नाही.

३. सबब अर्जदार रोज सकाळी सहाला एक हंडा घेऊन सदर नळावर जाते व रीतसर नंबर लावते. नंबर पहिलाच येतो. दुसरा कोणी येतो का, म्हणून ती नऊपर्यंत थांबते.

४. गेल्या मंगळवारी आपले प्रणयसाहेब पाहणीस आले. उन्हाचे आले होते, म्हणून अर्जदाराने पेला विसळून पाणी दिले. “आजी, पाणी एकदम मस्त आहे,” म्हणत ते दोन पेले प्यायले आणि त्यांनी तिच्यासमोर कागदावर लिहिले : वापरकर्ते – निरंक. अर्जदारास वाचता येते. साहेबांनी स्वतःला मोजले नाही तर राहो, परंतु अर्जदार तिथे उभी होती. फार वाईट वाटले.

५. येत्या सोमवारी नळ काढणार असे नोटिशीत आहे. तो काढू नये ही विनंती. तेवढे जमत नसल्यास आधी ‘निरंक’ खोडून ‘एक’ लिहावे आणि मग काढावा. एका बाईचा नळ काढला, एवढे तरी कागदावर राहील.

६. या अर्जाचे उत्तर टपालाने धाडू नये, माणसाबरोबर पाठवावे. सकाळी सहा ते नऊ अर्जदार नळावर भेटेल. पेला विसळलेला असेल.

कळावे, आणि कळल्यावर कोणीतरी यावे.

आपली विनम्र,
शेवंती दशरथ भोईर
दि. १५ मे २०२५

सोबत : नोटीस खांबावरून काढण्याचा अधिकार अर्जदारास नाही. सबब, सोबत – निरंक.