तासाभर मागून येणारा वारा

३ मार्च
पोचले एकदाची. खोली छोटी पण उजेडाची, आणि ओटा चक्क माझ्या उंचीचा. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. कामही मजेचं आहे. ग्रहांमधल्या पोकळीतही सूर्याकडून सतत वारा येत असतो. वाटेत आपलं यान उभं आहे. वारा आधी त्याला लागतो, तासाभराने इथे पोचतो. यानाकडून येणारा आवाज हेडफोनवर ऐकायचा आणि वादळाची चाहूल लागली की सगळ्यांना सावध करायचं. एरवी तेल तापताना येते तशी चुरचुर. दर वेळी माइकवर ‘मिळालं’ म्हणून पोच द्यायची. त्यापुढे एक शब्द बोलू नका, असं आधीच्या बाईंनी जाताना दोनदा बजावलं. लेकीला कळवलं तर ती पोट धरून हसली. तिच्या मते मला हे जमणारं नाही.

९ मार्च
इथे चिटपाखरू नाही. एकटीला जेवण जात नाही, म्हणून ताट घेऊन यंत्रापाशी बसते. आज पोच देताना बोलून गेलेच, की करमत नाही रे बाबा. मग लेकीचंही सांगितलं. वीस तारखेला येणार आहे, दार वाजवून थांबायचा धीर नाही, बाहेरूनच हाका मारत सुटते. मन हलकं झालं. यानाला काय कळतंय?

१४ मार्च
दुपारी चुरचुरीमध्येच टकटक ऐकू आली. सवयीने पोच दिली. तासाभराने माझं दार तसंच वाजलं. उघडलं तर कोणी नव्हतं. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

१७ मार्च
आज हेडफोनमध्ये ‘आई’. लेकीचा आवाज. तिला फोन केला तर ती तिच्या घरी. आमचं बोलणं चालू असतानाच तीच हाक दारातून आली. या वेळी तासही लागला नाही.
आधीच्या बाईंना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, तू त्याच्याशी बोललीस का. हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

१९ मार्च
वादळ. वाऱ्याचा वेग वाढला की मधला वेळ घटतो. कानात हाक, आणि चहा उकळेपर्यंत दारात.
लेकीला येऊ नकोस म्हणून सांगायचं होतं. वादळाने फोन बंद पडलेत. ती निघाली असेल.

२० मार्च
हाका थांबत नाहीत. कानात, लगेच दारात. यातली एक खरी असली तर — ती बाहेर त्याच्या शेजारी —

हेडफोन काढवत नाही. पुढे काय होणार ते त्यातूनच कळतं.

आता त्यात माझा आवाज. आले गं, म्हणतेय. कडी काढल्याचा आवाज. मग काही नाही. चुरचुरसुद्धा नाही.

नाही उघडणार.

बाहेर ती रडतेय. लहानपणी रडायची तशी, मधेच उचकी लागून — हे मी यानाला कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे तीच. माझीच ती.

आले गं, आ